कोकणच्या परसात तिखट मिरची : गावठी बियाण्यापासून पुढच्या हंगामाच्या बियाण्यापर्यंत

मिरची हे मूळचे अमेरिका खंडातील झाड. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले आणि पुढे देशभर पसरले. एवढ्या काळात कोकणातील वाडीवाडीत त्याची वेगवेगळी रूपे स्थिरावली. काहींची बारीक फळे आभाळाकडे तोंड करून लागतात, तर काहींची आखूड, जाड आणि लोंबती असतात. सिंधुदुर्गाला लागून असलेल्या पेडणे तालुक्यातील हरमल मिरचीला आणि काणकोणातील खोला मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तरीही किनाऱ्यावरील बहुतेक घरांत आज बी आणले जाते ते पाकिटातूनच. गावठी बियाण्यावरून ‘रुजत नाही, रुजले तरी रोप कोलमडते’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते, पण त्यात दोष बियाण्याचा क्वचितच असतो. कोकणात मिरची बिघडते ती प्रामुख्याने ओलाव्यामुळे, आणि हा ओलावा रोपवाटिकेत, मुळांपाशी किंवा बरणीतल्या बियाण्यात कुठेही असू शकतो. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर पाणी कुठे साचते याकडे प्रथम लक्ष दिले आहे.

बियाणे निवडताना

घरी बी धरायचे असेल तर वाण सरळ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सारखेच निघणारे असले पाहिजे, संकरित नसावे. संकरित मिरचीचे बी रुजते, परंतु त्यातून निघणारी झाडे एकमेकांसारखी नसतात आणि आईसारखीही नसतात. पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे लिहिलेले असेल तर ते बियाणे एका हंगामापुरते मानावे. कोल्हापूरकडची लवंगी, संकेश्वरी, ब्याडगी आणि गावातील एखाद्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली उभी बारीक मिरची हे सगळे सरळ वाणांचे पर्याय आहेत. त्यांतही ब्याडगी रंगासाठी आहे, तिखटासाठी नव्हे. शिवाय तिची सुरकुतलेली लांब फळे कोरड्या हवेत जशी वाळतात तशी किनाऱ्यावर वाळत नाहीत, त्यामुळे कुंडीत लावण्यासाठी मी तिची शिफारस करणार नाही.

अतिशय तिखट वाणाचा शौक असेल तर ईशान्य भारतातील भूत जोलोकिया कोकणात चांगली येते, कारण दमट हवा आणि अर्धवट सावली तिला मानवते. २००७ साली जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली तेव्हा तिचा तिखटपणा १० लाख स्कोव्हिल एककांच्या वर मोजला गेला होता. मात्र ती रुजायला आणि फळायला लवंगीपेक्षा बराच जास्त वेळ घेते, तेव्हा पहिल्या वर्षी फक्त तिच्यावर भिस्त ठेवू नये.

बी शक्यतो ओळखीच्या घरातून, लाल पिकलेल्या फळातून घ्यावे. वाण्याकडील सुक्या मिरचीतील बीही पुष्कळदा रुजते, पण त्या पोत्यात कोणकोणत्या शेतांतील माल एकत्र झाला आहे हे कोणालाच सांगता येत नाही. जुने बी मिळाले तर दहा दाणे ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात उबदार जागी ठेवावेत आणि दोन आठवड्यांनी मोजावेत. सहा-सात रुजले तर बी चांगले. तीन-चारच रुजले तर दुप्पट पेरावे, पण टाकून देऊ नये.

पेरणीची वेळ

देशावरचे पाहून जूनमध्ये मिरची लावणे ही किनाऱ्यावरील सर्वांत महागात पडणारी सवय आहे. कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि सतत भिजलेल्या मातीत मिरचीची मुळे गुदमरतात. खोला मिरची पावसाळ्यातच घेतली जाते हे खरे, परंतु ती डोंगरउतारावर लावतात आणि तिथे पाणी थांबत नाही. सपाट परसात तसा निचरा मिळत नाही.

म्हणून मुख्य पेरणी हस्त नक्षत्र सरता सरता, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करावी. नवरात्रात घटाचे रुजवण घालतो त्याच सुमारास मिरचीचे बी मातीत पडले तर हिशेब बरोबर बसतो. नोव्हेंबरमध्ये रोपे लावणीला येतात, थंडीत झाड भरते, आणि उन्हाचा कडाका वाढण्याआधी पहिले दोन-तीन तोडे हाती लागतात. दिवसाचे तापमान ३५ अंशांकडे सरकू लागले की फुले गळतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतील फळधारणा चुकवू नये. भूत जोलोकियासारख्या संथ वाणांचे बी मात्र ऑगस्टमध्येच पडवीत किंवा पागोळीच्या आत, छपराखाली पेरावे.

रुजवण

चार महिने नांगरट-खतावर आणि चार दिवस रुजवणीवर घालवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. रोपाचा निम्मा जीव या पहिल्या महिन्यातच ठरतो, म्हणून इथे थोडे थांबून सांगतो.

प्रथम माती. परसातील ओली तांबडी माती जशीच्या तशी ट्रेमध्ये भरली तर तिच्यातील बुरशी कोवळ्या रोपांचा गळा धरते. रोप जमिनीलगत पाणचट होऊन आडवे पडते, यालाच रोप कोलमडणे किंवा मर म्हणतात. यावर चांगला उपाय मे महिन्यातच करून ठेवता येतो. चाळलेली माती थोडी ओलसर करून अंगणात चार बोटे जाडीने पसरावी, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तशीच तापू द्यावी. भाताच्या तरव्यासाठी राब भाजण्यामागे, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळण्यामागे, जो हेतू असतो त्यातला एक इथे धुराशिवाय साधतो. ही माती पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवावी. ते राहून गेले असेल तर लागेल तेवढी ओलसर माती जुन्या लोखंडी कढईत झाकण ठेवून वाफ येईपर्यंत तापवावी आणि पूर्ण थंड होऊ द्यावी.

रोपांसाठी एक भाग अशी माती, एक भाग पूर्ण कुजलेले व चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग काथ्याचा भुसा असे मिश्रण पुरते. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कुजवलेली असतील तर त्या भुशात मीठ असते आणि मिरचीला ते सोसत नाही. म्हणून भुसा गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, पिळून, पाणी बदलून पुन्हा भिजवावा. असे तीन-चार वेळा केल्यावर शेवटचे पाणी तपकिरी न राहता फिकट दिसू लागते.

आता बी. पेरण्यापूर्वी ते कोमट पाण्यात रात्रभर भिजवावे. सकाळी पाणी निथळून चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) पूड चोळावी आणि सावलीत अर्धा तास सुकू द्यावे. आदल्या वर्षी झाडांवर रोग असेल आणि घरात अचूक तापमापक असेल तर भिजवण्याऐवजी ५० ते ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० मिनिटे बी ठेवण्याची पद्धत बियाण्यावरील बरेचसे जंतू मारते. अंदाजाने ऊन पाणी ओतून हा प्रयोग करू नये, कारण चार-पाच अंश वाढले तरी बी मरते, आणि जुन्या बियाण्यावर तर तो मुळीच करू नये. तंबाखू मळणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या व्यक्तीने बियाण्याला व रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. तंबाखूतील मोझॅक विषाणू मिरचीलाही लागतो आणि हातांवाटेच जातो.

भोके पाडलेल्या ट्रेमध्ये किंवा नारळाच्या करवंट्यांत मिश्रण भरून अर्धा ते एक सेंटिमीटर खोलीवर एकेक दाणा टाकावा आणि वरून चाळलेले मिश्रण भुरभुरवावे. पाणी फवाऱ्याने द्यावे. बी रुजेपर्यंत मातीला २५ ते ३० अंशांची ऊब हवी असते आणि ऑक्टोबरच्या कोकणात ती विनासायास मिळते. या काळात उजेडाची गरज नसल्याने ट्रेवर ओले गोणपाट टाकले तरी चालते, मात्र पहिला कोंब दिसताच ते त्याच दिवशी काढावे. लवंगी, संकेश्वरी यांसारखी मिरची एक ते दोन आठवड्यांत उगवते, उभ्या बारीक मिरच्यांना कधी तीन आठवडे लागतात आणि भूत जोलोकियाला महिनाही लागू शकतो. वाट पाहताना उकरून बघण्याचा मोह आवरावा आणि माती चिखल होईल एवढे पाणी देऊ नये. या दोन कारणांनी जितके बी फुकट जाते तितके बियाण्याच्या वयामुळे जात नाही.

कोंब वर आल्यावर ट्रे सकाळचे ऊन येईल अशा उंच जागी, कोंबड्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावा. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, आणि कोवळ्या रोपांत तर तो नसतोच. दुपारच्या ‘ऑक्टोबर हीट’मध्ये झावळ्यांचा विरळ मांडव पुरेसा असतो. पाणी सकाळीच द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने आणि मातीचा वरचा थर कोरडा होतो.

माती, चुना आणि खारे पाणी

पाच-सहा आठवड्यांनी रोपाला चार ते सहा खरी पाने आली की लावणी करता येते, पण त्याची जागा पेरणीच्या दिवशीच तयार करायला घ्यावी. जांभ्या दगडाच्या मातीत निचरा चांगला असतो, पण ती आम्लधर्मी असते आणि तिच्यात कॅल्शियम कमी पडते. मिरचीला सामू (पीएच) ६ ते ६.८ असलेली माती मानवते. कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घेणे उत्तम. तपासणीशिवाय चालायचे असेल तर १० ते १२ इंची कुंडीच्या मातीत एक लहान चमचा शिंपल्याचा विरवलेला चुना लावणीपूर्वी निदान तीन आठवडे मिसळून ओलसर ठेवावा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नये, कारण त्यामुळे खतातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. आधी चुना, पंधरवड्याने खत, असा क्रम ठेवावा. चुलीची राखही आम्लता कमी करते व पालाश देते, त्यामुळे राख घालणाऱ्याने चुना निम्मा करावा.

जमिनीत लावायचे असल्यास मागच्या दोन-तीन वर्षांत वांगी, टोमॅटो किंवा मिरची झालेली जागा टाळावी. किनाऱ्यावरील दमट, आम्ल मातीत जिवाणूजन्य मर हा या तिन्हींचा समाईक शत्रू आहे. पाने हिरवी असतानाच भरदुपारी झाड मान टाकते, रात्री सावरल्यासारखे दिसते आणि दोन-चार दिवसांत कायमचे कोमेजते. शंका आल्यास खोडाचा बुडाकडील तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरावा. कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर जिवाणूच आहे असे समजावे. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळावे, त्या खड्ड्यातील माती दुसरीकडे नेऊ नये आणि विळी-खुरपे धुऊन घ्यावे. भात काढल्यानंतरच्या खाचरात सरी-वरंबे करून मिरची लावण्याची जुनी पद्धत या दृष्टीने शहाणपणाची आहे, कारण महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत या जिवाणूचा जोर कमी होतो.

खाडीलगतच्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विहिरीचे पाणी डिसेंबरपर्यंत गोडे असले तरी मार्चनंतर मचूळ होऊ शकते. पानांच्या कडा करपू लागल्या आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की ते पाणी मिरचीला बंद करावे. समुद्रासमोरच्या गच्चीवर खाऱ्या वाऱ्याच्या बाजूने हिरव्या जाळीचा किंवा झापांचा आडोसा करावा.

लावणी आणि निगा

लावणीपूर्वी आठवडाभर रोपांना हळूहळू जास्त ऊन आणि कमी पाणी द्यावे. लावणी संध्याकाळी करावी, रोप ट्रेमध्ये जितके खोल होते तितकेच खोल ठेवावे. जमिनीत दोन झाडांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर हवे. कुंडीत एकच झाड लावावे, तळाशी भोके मोकळी ठेवावीत आणि कुंडी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवावी. बुंध्याभोवती पेंढा किंवा वाळलेला पाला पसरला की पाणी निम्म्यावर येते. बोट दोन पेरे खुपसून आत कोरडे लागले तरच पाणी घालावे.

खताबद्दल फार सांगण्यासारखे नाही. महिन्याला दोन मुठी कुजलेले शेणखत आणि चमचाभर निंबोळी पेंड पुरते. युरिया आणि ताजे शेण यांनी झाड हिरवेगार होते, पण फुलत नाही आणि मावा-फुलकिड्यांना मेजवानी मिळते.

पाने आखडून वाटीसारखी वळली की गावाकडे ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ झाला असे म्हणतात. त्यामागे तीन वेगवेगळी कारणे असतात आणि ती ओळखल्याशिवाय फवारणी व्यर्थ जाते. पाने वरच्या बाजूला वळली असतील तर फुलकिडे आणि खाली वळून लांबट झाली असतील तर कोळी, असा ढोबळ नियम आहे. या दोन्हींवर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण मिसळून, पानांच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी, दर आठवड्याला फवारावे. नवी पाने बारीक, पिवळट, गुच्छासारखी आणि झाड खुजे झाले असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. असे झाड बरे होत नाही. ते कितीही जीव लावून वाढवले असले तरी काढून टाकावे आणि त्याचे बी धरू नये. पिकत्या फळावर खोलगट काळे डाग पडले तर ती फळकूज समजावी. ती बियाण्यातूनही पुढे जाते, म्हणून डागाळलेली फळे तोडून नष्ट करावीत.

फळे भरल्यावर पाण्याच्या दोन पाळ्यांत थोडे अंतर वाढवले तर तिखटपणा चढतो. झाड सुकू देणे मात्र त्यात अभिप्रेत नाही. तिखटाचे मूळ असलेले कॅप्सायसिन मुख्यतः फळातील बी धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते, बियाण्यात नव्हे. ते पाण्यात विरघळत नसल्याने मिरची चिरल्यावर हातांची आग होत असेल तर आधी खोबरेल तेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे.

बी धरणे

मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळ धरू शकते, तरीही मधमाश्या व इतर कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्यावर भरपूर नेतात. परसात लवंगी आणि ढोबळी शेजारी असतील तर पुढच्या पिढीत भलतीच झाडे निघू शकतात. या संकराचा परिणाम चालू वर्षाच्या फळाच्या चवीवर होत नाही. ‘शेजारच्या ढोबळीमुळे यंदाची मिरची फिकी पडली’ हा समज निराधार आहे. बदल दिसतो तो त्या फळातील बी पुढच्या वर्षी पेरल्यावर.

कोकणात घराला घर लागून असल्याने अंतर राखून शुद्धता टिकवणे जवळपास अशक्य आहे. त्यापेक्षा पिशवी बांधावी. निरोगी, वाणाच्या ठरलेल्या रूपाची पाच-सहा झाडे निवडावीत. प्रत्येकाच्या एका फांदीवरील उमललेली फुले व धरलेली फळे काढून टाकावीत आणि कळ्या असलेल्या त्या फांदीवर मलमलची पिशवी चढवून तोंडाशी कापूस लावून दोरा आवळावा, म्हणजे मुंग्याही शिरत नाहीत. रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारली की पराग आतल्या आत झडतो. चार-सहा फळे धरल्यावर पिशवी काढावी आणि देठाला लाल दोरा बांधावा. घरातील सगळ्यांना या दोऱ्याचा अर्थ आधीच सांगून ठेवावा, नाहीतर कालवणाच्या घाईत नेमकी तीच फळे तोडली जातात.

दोऱ्याची फळे झाडावरच पूर्ण लाल होऊन किंचित मऊ पडू द्यावीत. बुलबुल डोळा ठेवून असतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात पुन्हा पिशवी घातलेली बरी. तोडल्यावर चार दिवस सावलीत ठेवून, हातमोजे घालून आणि वाऱ्याच्या बाजूला पाठ करून फळ उभे चिरावे व बी खरवडून काढावे. ते काचेच्या बशीत किंवा कागदावर पसरून सावलीत, वारा खेळेल अशा जागी आठ-दहा दिवस वाळवावे. मार्च-एप्रिलमध्ये हे काम उरकले पाहिजे, कारण मेअखेरीस हवा जड झाली की बी वरून कोरडे दिसते आणि आत ओल राहते. दाणा नखाखाली दाबल्यावर वाकला तर अजून वाळवावे, कटकन तुटला तर तयार समजावे.

पूर्वी बी चुलीवरच्या धुरात टांगत किंवा राखेत ठेवत, आणि पावसाळ्यात घरातील तेवढीच जागा कोरडी असे. गॅसच्या स्वयंपाकघरात ती सोय उरलेली नाही. म्हणून बी कागदी पुडीत बांधून, वाणाचे नाव, गाव आणि साल लिहून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवावे. त्याच बाटलीत मूठभर तांदूळ कढईत कोरडे भाजून, पूर्ण निववून, वेगळ्या पुरचुंडीत घालावेत, म्हणजे ते उरलेली ओल शोषून घेतात. बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यास बी तीन-चार वर्षे उगवणक्षम राहते. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नये, नाहीतर हवेतील बाष्प थेट बियाण्यावर जमते.

सगळे बी एकाच बाटलीत ठेवू नये. निम्मे दुसऱ्या वाडीतील एखाद्या नातलगाकडे द्यावे, म्हणजे एका घरी मर लागली किंवा पुराचे पाणी शिरले तरी वाण नाहीसे होत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातील बी राखण्याचा, वापरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाखाली विकता येत नाही. देताना पुडीत निदान ४०-५० दाणे असावेत आणि सोबत वाणाची फळे उभी की लोंबती, तिखटपणा किती आणि रुजायला किती दिवस लागले, एवढे चिठ्ठीवर लिहावे, म्हणजे घेणाऱ्याला आपली झाडे वाणाबरहुकूम निघाली की नाही हे पहिल्याच तोड्याला पडताळता येईल.